मवाळाचं नाक

त्या उन्हाळ्यात शेडच्या पत्र्यावर दुपारी बादलीभर पाणी मारलं, तर ते कडेपर्यंत ओघळायच्या आत वाळून जायचं. जनावरं सावली सोडत नव्हती, कुत्री नळाखालच्या चिखलात पोट टेकून पडलेली असायची, आणि माणसं भांडायचासुद्धा आळस करत होती. पण रेशमाच्या अळ्यांना उन्हाचं काही सांगून उपयोग नसतो. त्यांना वेळच्या वेळी तुतीचा पाला लागतो. अळी खाते, कात टाकते आणि पुन्हा खायला बसते. कोष विणायला घेईपर्यंत तिचं तोंड थांबत नाही, म्हणून माणसाचे हात थांबत नाहीत. या घरात ते हात सुनेचे होते.

हा धंदा घरात आणला होता म्हातारीनं. नवरा गेला तेव्हा मुलगा कडेवर होता आणि शेतात मातीपेक्षा दगड जास्त होते. तिनं तुती लावली, रेशीम केंद्रातून अंडी आणली आणि अळ्यांच्या जिवावर पोर वाढवलं. धंद्याचे नियमही तिनंच घातलेले. अळीला उग्र वास सोसत नाही. आत जाताना डोक्याला तेल नको, अंगाला साबणाचा वास नको, तंबाखूच्या हातानं पाल्याला शिवायचं नाही. पाय धुवायचे, हात चुन्याच्या निवळीत बुडवायचे, परक्या माणसाला उंबऱ्याबाहेर उभं करायचं. यातलं काहीच तिनं मनानं काढलेलं नव्हतं. कुठल्याही रेशीमवाल्याला विचारा, तो हेच सांगेल.

मुलानं हे नियम घेतले आणि त्या नियमांना पिल्लं झाली.

गावात त्याला मवाळ म्हणत. त्यानं आजवर कुणावर आवाज चढवला नव्हता. रस्त्यात दुसऱ्यानं धक्का मारला तरी माफी हाच मागायचा. लग्न झालं तेव्हा बायका सुनेला म्हणाल्या होत्या, "नशीब काढलंस बाई! मुंगी आडवी आली तरी वळसा घालून जाणारा माणूस आहे." म्हातारीलाही त्याचा अभिमान होता. तिचा स्वतःचा नवरा हात उचलणारा होता, आणि ते तिच्या पाठीला चांगलं ठाऊक होतं. आपलं पोर बापावर गेलं नाही, या एका गोष्टीवर तिनं कितीतरी वर्षं सुखानं झोप काढली होती.

पहिल्यांदा सुनेचं तेल बंद झालं. शेडमध्ये जायच्या वेळेपुरतं नव्हे, कायमचंच. मग अंगाचा साबण. मग बाजार बंद झाला, कारण बाजारात सतरा माणसांचे वास अंगाला चिकटतात. मग बहिणीकडे जाणं बंद, कारण बहिणीच्या घरी कोंबड्या. शेजारणी यायच्या थांबल्या. तिच्या चपला त्याच्या कपाटात गेल्या, कारण चपलेतून घाण येते. शेवटी फोन गेला, कारण म्हणे फोनच्या आवाजानं अळ्या खायच्या थांबतात. हे त्यानं केंद्रातल्या माणसालाही ऐकवलं होतं. तो माणूस खो-खो हसला. मग मवाळही हसला, आणि फोन त्याच्या खिशातच राहिला.

आणि वास घेणं सुरू झालं.

सून नळावरून आली, तुतीतून आली, परसातून आली, की शेडच्या दारात स्टुलावर बसलेला मवाळ म्हणायचा, "हात दाखव." ती दोन्ही हात पुढे करायची. तो तळव्यांवर वाकायचा, नाक टेकवायचा आणि सावकाश श्वास ओढायचा. मग मनगटं. मग मान. मग भांगावर नाक ठेवून डोळे मिटून उभा राहायचा, खरबूज हुंगणाऱ्या गिऱ्हाइकासारखा. तोवर सून स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत असायची. झालं की तो म्हणायचा, "जा," नाहीतर म्हणायचा, "पुन्हा धू." म्हणजे पुन्हा चुन्यात. चुन्यानं तिची बोटं चिरली होती. चिरांतून रक्त आलं की तो नाक मुरडून सांगायचा, "रक्ताचा वास येतोय. पुन्हा धू."

म्हातारी हे ओसरीवरून बघायची. सुरुवातीला तिला वाटलं, पोरगा धंद्याला जपतो.

पाला कापायला एक बाई यायची, तिला सगळे पालेवालीच म्हणत. जिभेला हाड नसलेली बाई. नवऱ्याला सोडून आलेली, आणि कुणी "नवऱ्यानं सोडलेली" म्हटलं तर जागच्या जागी दुरुस्त करणारी. तिला शेडच्या आत यायची परवानगी नव्हती. ती खिडकीतून पाल्याचे भारे आत ढकलायची आणि भाऱ्याबरोबर दोन शब्दही ढकलायची.

"घे गं, वाढ तुझ्या लेकरांना. खातात बघ कशी! अगदी माझ्या सासऱ्यावर गेलीत. तोही असाच आडवा पडून खायचा, आणि ताट संपलं की डोकं वर करून बघायचा."

नेमकी त्याच वेळी मांडणीवरची एक लठ्ठ अळी डोकं उचलून इकडेतिकडे बघू लागली, आणि सून हसली. बऱ्याच दिवसांत हसली नव्हती, त्यामुळे तिला ते आवरता येईना. पाल्याचा भारा पोटाशी धरून ती हसत राहिली.

"काय झालं?" मवाळ दारात उभा होता. आवाजात नुसता लोण्याचा गोळा.

"काही नाही."

"सांग की. मलाही हसू दे."

"ती म्हणाली, अळ्या तिच्या सासऱ्यावर गेल्यात."

"बरं." तो आत आला. "यात हसायचं काय, ते सांग."

"असंच. तो आडवा पडून खायचा म्हणे."

"म्हणजे कसा? दाखव."

"कसा दाखवू?"

"तुला हसू आलं ना? मग तुला माहीत असणार. खाली आडवी हो आणि दाखव."

पालेवाली खिडकीबाहेर उभी होती. सून शेडच्या जमिनीवर, अळ्यांच्या लेंड्यांत आणि चिरडलेल्या पाल्यात कुशीवर झाली. मवाळानं तिच्याकडे अगदी लक्ष देऊन पाहिलं, वर्गात गुरुजी बघतात तसं. मग म्हणाला, "नाही बुवा. मला नाही हसू आलं. ऊठ." आणि पालेवालीकडे वळून, "ऊन फार आहे हो, जरा सावलीत बसून पाणी प्या."

दुसऱ्या दिवशी त्यानं खिडक्यांना फळ्या ठोकल्या आणि फळ्यांवर प्लास्टिकचा कागद ताणून लावला. बाहेरून वास येतात म्हणाला. म्हातारी हातातलं काम टाकून धावली.

"अरे, वारा कोंडलास तर मरतील त्या! आता शेवटच्या खाण्यावर आहेत. त्यांच्या अंगचीच केवढी वाफ निघते!"

"आई, तुझ्या वेळच्या अळ्या वेगळ्या होत्या."

"अळ्या काय वेगळ्या असतात?"

"ओरडू नकोस गं. मी ओरडतोय का? तू थकलीस. तुला हल्ली नीट आठवत नाही. परवा दूध उतू गेलं, चूल सगळी भरली, मीच पुसली. तेही तुला आठवत नसेल."

दूध उतू गेलेलं म्हातारीला आठवत नव्हतं. ती आत गेली आणि दुधाचं पातेलं खिडकीशी नेऊन, उलटंपालटं करून बघत बसली. करपल्याची खूण कुठेच नव्हती. तरी तिची खात्री होईना. स्वतःच्या डोक्यावर आपण कधीपासून असा संशय घ्यायला लागलो, हेही तिला सांगता आलं नसतं.

अळ्यांनी फार वाट पाहिली नाही. आधी खाणं मंदावलं, पाला तसाच सुकायला लागला. मग अंग ढिलं पडलं, तोंडातून तपकिरी पाणी आलं, मागून पातळ हगवण. आणि मग रांगाच्या रांगा काळ्या पडत गेल्या. बोट लावलं की कातडी फुटायची आणि आतलं सडकं पाणी हातावर यायचं. कोंडलेल्या शेडमध्ये तो वास असा भरला की दार उघडणाऱ्याला उलटीच व्हावी. सगळा हंगाम त्या मांडण्यांवर लोळत पडला होता.

मवाळानं स्टूल दारात, वाऱ्याच्या बाजूला ओढलं, नाकाला रुमाल लावला आणि सुनेला म्हणाला, "वेच."

ती उघड्या हातांनी वेचत होती. चिरलेल्या बोटांत ते पाणी जात होतं.

"आठव," तो म्हणाला. "कशाचा वास आत नेलास?"

"कशाचाच नाही."

"मग उगाच मेल्या का?"

"गरमीनं मेल्या असतील."

"असतील म्हणजे तुला माहीत नाही. मी रागावतोय का तुझ्यावर? नाही ना? मग खोटं कशाला? सावकाश आठव. मला घाई नाही."

त्याला खरंच घाई नव्हती. सकाळचं ऊन मांडण्यांच्या पायांवर होतं ते सरकत भिंतीवर गेलं, तरी तो विचारतच होता. एकच प्रश्न, त्याच आवाजात, मधूनमधून पाण्याचा घोट घेत. दुपार कलली तेव्हा सून म्हणाली, "साबण लावला असेल."

"असेल की लावलास?"

"लावला."

"कुठे?"

"हाताला. मानेला."

"कुणासाठी?"

तिनं आणखी एक अळी वेचली. मग हे उत्तरही तिला द्यावं लागणार हे कळल्यासारखी म्हणाली, "माझ्यासाठीच."

"बघ. खरं बोललं की कसं हलकं वाटतं." तो उठला.

चुन्याची बादली घेऊन म्हातारी दाराशीच उभी होती. घरात अंगाच्या साबणाची एकच वडी होती आणि ती मवाळाच्या कपाटात, कुलपात असायची. सुनेला साबण लावायचा म्हटलं तरी मिळाला नसता. म्हातारीला हे माहीत होतं, सुनेला माहीत होतं आणि विचारणाऱ्याला तर माहीत होतंच. तो म्हातारीच्या अंगावरून बाहेर गेला तेव्हा त्या सगळ्या घाणीतून तिला दुसराच एक वास आला. दाढीच्या साबणाचा. केसांना लावलेल्या सुवासिक तेलाचा. त्याच्या कानामागे पांढरा फेस वाळलेला होता. असाच तो सगळा उन्हाळा शेडमध्ये जात-येत होता.

"तुझ्या कानामागे साबण आहे," म्हातारी म्हणाली.

त्यानं बोटानं पुसलं, बोटाकडे पाहिलं आणि हसला. "माझं वेगळं आहे, आई."

म्हातारीला शिसारी आली. मेलेल्या अळ्यांची नव्हे, त्यांची तिला आयुष्यभराची सवय होती. तिला त्या हसण्याची आली. आपण हातानं भरवलेलं तोंड असं हसतं, आणि त्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही! याच्या बापानं मारलं तरी मारल्यावर तो दोन दिवस नजर चुकवायचा. याची नजर स्वच्छ होती.

सुनेच्या अंगाला तो सडका वास बसला. बसणारच. मवाळ म्हणाला, हा वास घरात नको, जाईपर्यंत तू शेडमध्येच झोप. शेडच्या बाजूलाच खड्डा खणून मेलेल्या अळ्या त्यात टाकल्या होत्या, वर चुना टाकला तरी माश्यांचं मोहोळ हलत नव्हतं. जेवणाचं ताट तो दारात ठेवायचा. ती कपडे धुवायची, अंग घासायची, राखेनं हात खरवडायची, आणि सकाळी तो येऊन हुंगून सांगायचा, "अजून आहे."

एका दुपारी म्हातारी ताट आणायला गेली आणि दाराशीच थबकली. मवाळ सुनेच्या मानेवर वाकलेला होता. हळू आवाजात सांगत होता, "अशा वासात मी सोडून कोण येईल गं तुझ्याजवळ? सांग. मीच येतो ना?" सून "हो" म्हणाली. तो तसाच हुंगत राहिला, आणि म्हातारीला त्याचा चेहरा दिसला. त्याला सुख होत होतं. पोटच्या पोराचं कुठल्याही आईनं बघू नये असं काही आपण भर उन्हात बघितलं, असं तिला झालं. ती ताट न घेता मागे फिरली आणि आत येऊन विनाकारण हंडे घासत बसली.

पुढच्या आठवड्यात मवाळ नवीन अंडी आणायला केंद्रात गेला. केंद्र लांब होतं, परतायला संध्याकाळ होणार होती. तो रस्त्याला लागला आणि पालेवाली रिकामं पोतं घेऊन मागच्या बांधावरून आली. कापायला पाला नव्हता, तरी आली. ती काही बोलली नाही, म्हणजे काहीतरी ठरलेलं होतं. थोड्या वेळानं सून ओसरीच्या पायरीपाशी उभी राहिली. अंगावरच्या कपड्यांत, अनवाणी.

"आई," ती म्हणाली, "जाऊ?"

म्हातारीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ही पोर पळून जायचीही परवानगी मागत होती.

"मला काय विचारतेस गं, वेडे! जा!"

"तुम्हाला काही म्हणाले तर?"

"जा म्हणते ना!" म्हातारीनं पायातल्या चपला काढून तिच्यापुढे सरकवल्या. रस्ता तापलेला होता.

मवाळ परत आला. शेड पाहिलं, घर पाहिलं, परस पाहिलं. ना आदळआपट, ना शिवी. ओसरीवर येऊन बसला आणि म्हातारीच्या पायांकडे बघून म्हणाला, "तुझ्या चपला कुठे आहेत?"

"तुटल्या. टाकून दिल्या."

"बरं." तो तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "हात दाखव."

आणि म्हातारीचे हात पुढे गेले. तिनं ठरवलं नव्हतं, तिनं विचारही केला नव्हता, हात आपोआप उठले आणि तळवे वर करून त्याच्यासमोर उभे राहिले. तो वाकला. ज्या नाकाचा शेंबूड तिनं याच हातांनी पुसला होता ते नाक तिच्या तळव्याला टेकलं, थंड आणि ओलसर, आणि त्यानं लांब श्वास ओढला.

"तिचाच वास येतोय," तो म्हणाला. "आई, तू मला फसवलंस. असू दे. माझा राग नाही."

म्हातारी घरामागे गेली आणि भडाभडा ओकली. मग राखेनं हात घासत बसली. घासता घासता तिला दिसलं की सूनही याच दगडावर बसून असंच घासायची. तिनं राख तिथेच टाकली.

बहिणीच्या गावाला सुनेनं चौकीत तक्रार दिली. नातेवाईक जमले, तिच्याकडचेही आणि याच्याकडचेही, आणि सगळ्यांना एकच गोष्ट विचारायची होती. मारलं का? नाही. उपाशी ठेवलं? नाही. दारू पितो, बाहेर बाई आहे? छे. मग तक्रार कसली? वास घेतो म्हणून? एक काका म्हणाला, "नवऱ्यानं बायकोचा वास नाही घ्यायचा तर काय शेजाऱ्यानं घ्यायचा?" आणि सगळी बैठक हसली. चहाच्या टपरीवर तर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. नवा कायदा आलाय म्हणे, हात न लावताही आत टाकतात. "आता घरात शिंकायचं झालं तरी बायकोची सही घ्यावी लागणार," असं म्हणून पुरुष एकमेकांना टाळ्या देत होते. मवाळ तिथे बसलेला असायचा आणि विनोद झाला की तोही हसायचा, सगळ्यांच्या मागून, जरासा.

पालेवालीनं म्हातारीला नळावर गाठलं.

"मावशी, चौकीतल्या बाई म्हणतात, कायद्यात बसतं. माणसाला असं कोंडून, त्याचं सगळं काढून घेऊन, घाबरवून ठेवणं आता गुन्हा आहे. हात लावो न लावो."

"मग झालं की."

"कुठे झालं? ही एक सांगते, तो दुसरं सांगतो, आणि अख्खं गाव म्हणतं तो मवाळ आहे. मी सांगितलं तर म्हणतात ही कामावरची, त्यातून हिची जीभ अशी. घरातलं कुणीतरी बोलायला हवं." तिनं बादली खाली ठेवली. "घरात आता तुम्हीच आहात, मावशी. बाई येणार आहेत तुमच्याकडे. तुम्ही गप्प राहिलात तर बहिणीचा नवरा तिला परत आणून घालणार आहे. त्यानं तसं बोलूनही दाखवलंय."

"माझा मुलगा आहे गं तो."

"माहीत आहे," पालेवाली म्हणाली. तिनं बादली पुन्हा नळाखाली सरकवली.

मवाळालाही बाई येणार हे कळलं होतं. त्यानं म्हातारीसाठी नव्या चपला आणल्या, स्वतःच्या हातानं तिच्या पायांत घातल्या. रोज संध्याकाळी तिच्यापुढे बसून तो तिची उजळणी घ्यायचा.

"त्या विचारतील, सुनेला डांबलं होतं का. तू काय म्हणशील?"

"धंद्याचे नियम आहेत."

"कुणी घातले?"

"मी."

"शाबास. आणि काही अडचणीचं विचारलं तर?"

"आठवत नाही."

"ते खरंच आहे ना, आई? खोटं तुला मी सांगायला लावणार नाही. तुला खरंच आठवत नाही." तो तिचे पाय दाबायचा. "माझ्याशिवाय कोण आहे तुला? मी तुला कधी वाकडा शब्द बोललोय?"

नव्हता बोलला. म्हातारी रात्रंदिवस शोधत होती आणि एकही वाकडा शब्द तिला सापडत नव्हता. तो पाय दाबत असताना तिला त्याची बोटं मेलेल्या अळ्यांसारखी लागायची, मऊ आणि गार, आणि पाय ओढून घ्यायची हिंमत होत नव्हती. घर त्याच्या नावावर होतं. उद्या अंथरुणाला खिळलं तर पाणी त्याच्याच हातचं प्यायचं होतं. अंथरुणावर पडलेलं आपलं अंगही तो असाच वाकून हुंगेल, हेही तिच्या डोळ्यांसमोर येत होतं.

पोलीस बाई सकाळीच आल्या. वयानं सुनेएवढ्याच असतील, कपाळावर घाम, बूट धुळीनं भरलेले. मवाळानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्वतः म्हातारीला खेटून बसला.

"आजी, सुनेला बाहेर जायला बंदी होती का?"

"आईला हल्ली नीट आठवत नाही," मवाळ म्हणाला.

"मी त्यांना विचारतेय."

"हो, हो. सांग ना, आई. आपल्याकडे धंद्याचे नियम आहेत, एवढंच. तूच घालून दिलेस. हो की नाही?"

बाईंनी म्हातारीकडे पाहिलं. मवाळानं तिच्या पाठीवर हात ठेवला, आधार दिल्यासारखा. जुन्या माराच्या जागेवरच तो हात पडला, आणि त्या मारापेक्षाही तो नकोसा होता.

"नियम माझेच," म्हातारी म्हणाली.

मवाळानं समाधानानं मान हलवली.

"ह्याला बाहेर घालवा," म्हातारी म्हणाली. "मग पुढचं सांगते."

"आई?"

"बाई, ह्याला बाहेर घालवा."

बाईंनी त्याला उठायला सांगितलं. तो म्हणाला, आई घाबरते, मला इथे असू द्या. बाईंनी पुन्हा सांगितलं, या वेळी उभं राहून. तो उठला, म्हातारीचा खांदा हलकेच थोपटला आणि बाहेर दाराला लागूनच स्टूल टाकून बसला. दार अर्धं उघडं होतं. त्याचा गुडघा आतून दिसत होता.

म्हातारीनं सांगायला सुरुवात केली. आवाज फुटत नव्हता. तिनं तेलाचं सांगितलं, साबणाचं सांगितलं, कपाटातल्या चपलांचं. लेंड्यांत आडवं करून विनोद दाखवायला लावलेला, पालेवालीकडून कळलेला, तोही सांगितला. फळ्या ठोकलेल्या खिडक्या सांगितल्या, आणि न केलेला गुन्हा सुनेच्या तोंडून कसा वदवून घेतला तेही. बाईंना पुढे वाकून ऐकावं लागत होतं.

"त्यांनी कधी हात लावला का, आजी?"

"नाही. हात उगारला असता तर मला पहिल्या दिवशीच कळलं असतं. त्यातलं मला कळतं." पुढचं बोलायची तिला लाज वाटत होती, स्वतःच्या अंगावरची जखम उघडून दाखवल्यासारखी. "तो नाक लावायचा," ती कशीबशी पुटपुटली.

"काय?"

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, नेहमीसारखाच मऊ, जराही न चिडलेला.

"आई, मोठ्यानं बोल गं. मला नीट ऐकू येत नाहीये."

बाई ताडकन उठल्या आणि दार लावायला गेल्या.

"राहू द्या उघडं," म्हातारी म्हणाली.

तिनं पाठ ताठ केली. तुतीच्या पलीकडच्या टोकावरच्या माणसाला हाक मारायची असली की ती जो आवाज लावायची तो आवाज तिनं लावला, आणि घरात कुणी इतक्या मोठ्यानं बोलल्याला वर्षं झाली होती.

"नाक लावायचा! सुनेच्या अंगाला, दिवसातून दहादा, भर दारात! आणि त्याला त्यात सुख व्हायचं, ते मी या डोळ्यांनी बघितलंय! आणि ती गेली, त्या दिवशी त्यानं माझ्या हातांना नाक लावलं. आईच्या हातांना!"

बाहेर स्टूल करकरलं. गुडघा दारातून दिसेनासा झाला. रस्त्यावरून जाणारं कुणीतरी थांबलं असावं, कारण चपलांचा आवाज बंद झाला.

"लिहून घ्या, बाई," म्हातारी म्हणाली, आणि आवाज जराही खाली न आणता पुढचं सांगू लागली.